आम्ल की आम्लारी? साध्या चाचण्या आणि त्यांची साक्ष

आम्ल आणि आम्लारी हे रसायनांचे परस्परविरोधी गुणांचे दोन मोठे गट आहेत. लिंबू, चिंच, आमसूल, ताक आणि व्हिनेगर यांत आम्ले असतात. चुना, धुण्याचा सोडा, पापडखार आणि साबणाचे पाणी यांचा गुण आम्लारीचा असतो. पाण्यात विरघळणाऱ्या आम्लारीला अल्क म्हणतात. आम्ले चवीला आंबट असतात. अल्क कडवट लागतात आणि बोटांना बुळबुळीत वाटतात, कारण त्वचेवरच्या स्निग्ध पदार्थांचे ते साबणात रूपांतर करू लागतात. आम्ल आणि अल्क योग्य प्रमाणात एकत्र आले की दोघांचा तीक्ष्णपणा संपतो आणि क्षार व पाणी तयार होते. या क्रियेला उदासिनीकरण म्हणतात.

समोरच्या बाटलीतला द्रव किंवा पुडीतली पांढरी पूड आम्ल आहे की आम्लारी, हे ठरवण्यासाठी महागडी उपकरणे लागत नाहीत. जास्वंदीचे फूल, चिमूटभर हळद, खाण्याचा सोडा, चुन्याची निवळी आणि एक ड्रॉपर एवढ्या साहित्यावर बरेच काही कळते. मात्र प्रत्येक चाचणी एकाच प्रश्नाचे उत्तर देते, हे आधी लक्षात घ्यायला हवे. द्रावण कोणत्या बाजूचे आहे, हा पहिला प्रश्न. त्यातले आम्ल किंवा अल्क किती तीव्र आहे, हा दुसरा. एकूण किती आम्ल त्यात साठलेले आहे, हा तिसरा. आणि ते नेमके कोणते आहे, हा चौथा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर चौथ्यासाठी वापरले की घोटाळा होतो. या व्याख्यानाचा सारा भर चाचण्यांच्या कृतीइतकाच त्यांच्या मर्यादांवर आहे.

ओळखीचा इतिहास

सर्वांत जुनी चाचणी जिभेची. ती हजारो वर्षे वापरली गेली आणि आज ती पूर्णपणे वर्ज्य आहे. चवीने आंबटपणा कळतो, पण पदार्थ विषारी आहे की दाहक, हे कळेपर्यंत इजा झालेली असते.

आम्ल आणि अल्क एकमेकांचा जोर मोडतात, ही जाण भारतात फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात क्षारपाकाचा स्वतंत्र अध्याय आहे. त्यातील ‘क्षार’ म्हणजे आजच्या भाषेतला अल्क. वनस्पती जाळून त्यांची राख पाण्यात कालवायची, ते पाणी गाळून आटवायचे आणि तीक्ष्ण क्षार हवा असल्यास त्यात भाजलेल्या चुनखडीचा व शिंपल्यांचा चुना मिसळायचा, अशी कृती तिथे दिली आहे. चुन्यामुळे सौम्य कार्बोनेटाचा दाहक हायड्रॉक्साइड बनतो, हे आजचे स्पष्टीकरण त्या कृतीला चपखल बसते. क्षार लावलेल्या जागी दाह झाला तर आंबट द्रव्ये लावावीत, असेही ग्रंथ सांगतो. आम्लाशी संयोग झाला की क्षाराचा तीक्ष्णपणा मावळतो, असे त्याचे कारणही देतो. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी १९०२ साली प्रसिद्ध झालेल्या हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासाच्या पहिल्या खंडात या कृतीचे महत्त्व दाखवून दिले.

रंगाची चाचणी पद्धतशीरपणे मांडली ती रॉबर्ट बॉइल यांनी. १६६४ साली प्रसिद्ध झालेल्या रंगांविषयीच्या ग्रंथात त्यांनी व्हायोलेट फुलांच्या पाकाचे प्रयोग नोंदवले. निळा पाक आम्लाने तांबडा आणि अल्काने हिरवा होतो, आणि काही पदार्थांनी त्यात काहीच बदल होत नाही. या तीन परिणामांवरून पदार्थांची तीन गटांत विभागणी करता येते, हा त्यातला मोलाचा विचार.

आम्लाला आम्लपणा कशामुळे येतो, हे कळायला मात्र आणखी दोन शतके लागली. लाव्हाझिए यांच्या मते तो ऑक्सिजनमुळे येत होता. १८१० साली हंफ्री डेव्ही यांनी हायड्रोक्लोरिक आम्लात ऑक्सिजन नसतोच असे दाखवले आणि तो सिद्धान्त मागे पडला. १८३८ मध्ये लीबिग यांनी धातूला जागा करून देऊ शकणारा हायड्रोजन हे आम्लाचे लक्षण मानले. १८८४ मध्ये स्वान्ते अर्‍हेनियस यांनी आयनांची कल्पना मांडली. आम्ल पाण्यात हायड्रोजन आयन देते, आम्लारी हायड्रॉक्साइड आयन देते, आणि या दोघांचे मिळून पाणी बनते, अशी ही व्याख्या होय. त्यांना १९०३ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. १९२३ मध्ये ब्रॉन्स्टेड आणि लाऊरी यांनी स्वतंत्रपणे ही व्याख्या रुंदावली. प्रोटॉन देते ते आम्ल आणि घेते ते आम्लारी. स्वतःच्या रेणूत हायड्रॉक्साइड नसूनही अमोनिया आम्लारी का, हे त्यामुळे उलगडले.

प्रयोगापूर्वीची काळजी

घरी किंवा शाळेत प्रयोग करताना विरल द्रावणेच वापरावीत. संहत आम्ल विरल करायचे असेल तर पाण्यात आम्ल थोडे थोडे ओतावे. आम्लात पाणी कधीही ओतू नये. संहत सल्फ्युरिक आम्लात पाणी पडले की एवढी उष्णता निर्माण होते की मिश्रण उसळून अंगावर उडते. संडास साफ करण्याच्या आम्लयुक्त द्रवात ब्लीच कधीही मिसळू नये. त्यातून क्लोरीन हा विषारी वायू बाहेर पडतो. कळीचा चुना, तुंबलेले नळ मोकळे करणारा कॉस्टिक सोडा आणि तंबाखूबरोबर मिळणारी चुन्याची पुडी मुलांच्या हाती देऊ नये. चुना डोळ्यांत गेला तर बुबुळाला कायमची इजा होऊ शकते. डोळ्यांत आम्ल किंवा अल्क उडाले तर भरपूर स्वच्छ पाण्याने बराच वेळ डोळे धुवावेत आणि लगेच डॉक्टरांकडे जावे. अल्कावर आम्ल हा उपाय डोळ्यांसाठी मुळीच नाही.

दर्शक: रंगाची साक्ष

आम्लात एक आणि अल्कात दुसरा रंग दाखवणाऱ्या पदार्थाला दर्शक म्हणतात. प्रयोगशाळेतला सर्वांत परिचित दर्शक लिटमस. तो शैवाकांपासून मिळतो. मसाल्यातले दगडफूलही शैवाकच. निळा लिटमस आम्लात तांबडा होतो आणि तांबडा लिटमस अल्कात निळा होतो. म्हणून दोन्ही रंगांचे कागद वापरावे लागतात. निळा कागद निळाच राहिला एवढ्यावरून द्रावण अल्क ठरत नाही. ते उदासीनही असू शकते.

हळद हा महाराष्ट्राच्या घराघरातला दर्शक. हळदीतले करक्युमिन आम्लात आणि उदासीन द्रावणात पिवळे असते, अल्कात तांबूस तपकिरी होते. हळदीचा डाग पडलेला पांढरा सदरा साबण लावताच लालसर होतो आणि खळबळून धुतल्यावर पुन्हा पिवळा दिसतो, तो याचमुळे. पारंपरिक पद्धतीने कुंकू करताना हळदीला चुन्यासारख्या अल्कधर्मी पदार्थांची जोड देऊन लाल रंग आणला जातो. हळदीचा कागद करणे सोपे आहे. चमचाभर हळद थोड्या स्पिरिटमध्ये कालवावी, निवळ गाळावी, त्यात गाळणकागदाच्या पट्ट्या भिजवून सावलीत वाळवाव्यात. हा कागद आम्ल आणि उदासीन द्रावण यांत फरक करत नाही. त्यासाठी एक पट्टी आधी सोड्याच्या पाण्याने लाल करून घ्यावी. आम्लाचा थेंब पडला की ती पुन्हा पिवळी होते.

तांबड्या जास्वंदीच्या पाकळ्या, निळी गोकर्णाची फुले, जांभळाची साल, आमसूल आणि लाल कोबी यांचे रंग अँथोसायनिन गटातले असतात. त्यांचे वैशिष्ट्य म्हणजे ते दोन्ही बाजूंना रंग बदलतात. पाच-सहा जास्वंदींच्या पाकळ्या कपभर गरम पाण्यात दहा मिनिटे ठेवून पाणी गाळून घ्यावे. हे पाणी पाच पेल्यांत सारखे वाटावे. पहिल्यात लिंबाचा रस घालावा, दुसऱ्यात व्हिनेगर, तिसऱ्यात काहीच घालू नये, चौथ्यात खाण्याचा सोडा आणि पाचव्यात चुन्याची निवळी घालावी. लिंबाच्या पेल्यात झगझगीत गुलाबी रंग उतरतो आणि चुन्याच्या पेल्यात हिरवा. मधल्या पेल्यांत या दोहोंमधल्या छटा दिसतात. लाल कोबीच्या पाण्यात या छटा सर्वांत ठळक असतात. तीव्र आम्लात ते लाल, उदासीन द्रावणात जांभळे, सौम्य अल्कात निळे, त्यापुढे हिरवे आणि फार तीव्र अल्कात पिवळे दिसते.

दर्शक रंग बदलतो, कारण तो स्वतःच सौम्य आम्ल किंवा सौम्य आम्लारी असतो. त्याच्या रेणूची दोन रूपे असतात, एक हायड्रोजन आयन धरून ठेवलेले आणि दुसरे तो सोडून दिलेले. दोन्ही रूपे प्रकाशाचा वेगवेगळा भाग शोषतात, म्हणून त्यांचे रंग वेगळे. द्रावणात हायड्रोजन आयन मुबलक असले की पहिले रूप वाढते, कमी असले की दुसरे. प्रत्येक दर्शकाचा हा पालट ठरावीक टप्प्यातच घडतो. हे टप्पे सामूत, म्हणजे आम्लपणा वाढेल तसा कमी होणाऱ्या अंकात (त्याविषयी पुढे), सांगतात: मिथिल ऑरेंज सामू ३.१ ते ४.४ या टप्प्यात तांबड्याचा पिवळा होतो, ब्रोमोथायमॉल ब्लू ६ ते ७.६ या टप्प्यात पिवळ्याचा निळा होतो, आणि फिनॉल्फथॅलीन ८.२ ते १० या टप्प्यात रंगहीनाचे गुलाबी होते. पिण्याच्या पाण्यात मिथिल ऑरेंज पिवळा दिसतो. तो रंग पाण्याचे अल्कपण सिद्ध करत नाही. पाणी तीव्र आम्लधर्मी नाही, एवढेच सांगतो.

रंग कुठे फसवतो

रंगाची चाचणी सोपी असल्यामुळे तिच्यावर फाजील विश्वास टाकला जातो. तिच्या पाच मर्यादा नेहमी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली मर्यादा विरंजनाची. घरगुती ब्लीचमध्ये लिटमसचा तांबडा कागद आधी निळा होतो आणि पाहता पाहता पांढरा पडतो. ब्लीचने इथे रंगाचा रेणूच मोडून टाकलेला असतो, त्यामुळे उशिरा पाहणाऱ्याला कागदावर काहीच वाचता येत नाही.

दुसरी मर्यादा क्षारांची. तुरटी हा क्षार आहे, तरी तिचे द्रावण निळा लिटमस तांबडा करते. धुण्याचा सोडा हाही क्षारच, पण त्याचे द्रावण चांगलेच अल्कधर्मी असते. तीव्र आम्ल आणि सौम्य आम्लारी यांच्यापासून बनलेला क्षार पाण्यात आम्लधर्मी होतो, आणि सौम्य आम्ल व तीव्र आम्लारी यांच्यापासून बनलेला अल्कधर्मी. लिटमस द्रावणाची अवस्था सांगतो. विरघळलेला पदार्थ कोणत्या वर्गातला, हे सांगत नाही.

तिसरी मर्यादा विशिष्ट रासायनिक संयोगाची. कॅरम बोर्डवर टाकायची पावडर बहुधा बोरिक आम्लाची असते. हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब घातलेल्या तिच्या द्रावणात हळदीचा कागद बुडवून वाळवला तर तो तांबूस तपकिरी होतो. द्रावण आम्लधर्मी असूनही असे होते, कारण करक्युमिन बोरॉनशी संयोग पावून नवा रंगीत पदार्थ तयार होतो. अल्काचा थेंब टाकला की हा डाग काळपट हिरवा पडतो. साध्या अल्कामुळे आलेला लाल रंग तसा पडत नाही. विश्लेषण रसायनशास्त्रात बोरिक आम्लाची ओळख याच प्रयोगाने केली जाते.

चौथी मर्यादा अतिरेकाची. गुलाबी झालेले फिनॉल्फथॅलीन फार तीव्र अल्कात हळूहळू पुन्हा रंगहीन होते. कॉस्टिक सोड्याच्या संहत द्रावणात रंग टिकला नाही म्हणून ते अल्क नाही, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल.

पाचवी मर्यादा अशी की प्रत्येक रंगबदलामागे आम्ल किंवा अल्क असतेच असे नाही. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे पाणी खारे आणि तीव्र अल्कधर्मी आहे. त्याचा सामू १० च्या आसपास असतो आणि तांबडा लिटमस त्यात लगेच निळा होतो. जून २०२० मध्ये हे पाणी गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील तपासणीत हा रंग खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्याचा असल्याचे दिसून आले.

पाण्याचे काम

किराणा दुकानात मिळणारे लिंबूसत्त्व म्हणजे सायट्रिक आम्लाचे स्फटिक. हे कोरडे स्फटिक निळ्या लिटमसच्या कोरड्या कागदावर ठेवले तर काहीच घडत नाही. कागदावर पाण्याचा थेंब टाकला की स्फटिकाभोवती तांबडे वर्तुळ पसरते. असाच प्रयोग खाण्याच्या सोड्याबरोबर करता येतो. कोरडे लिंबूसत्त्व आणि कोरडा सोडा बशीत एकत्र केले तर ते शांत पडून राहतात. पाण्याचा शिंतोडा पडताच मिश्रण फसफसून वर येते. पोटदुखीवर घेण्याच्या फसफसणाऱ्या चूर्णांचे काम याच तत्त्वावर चालते, आणि पावसाळ्यात डबा नीट बंद न ठेवल्यास ती निकामी होतात तीही याच कारणाने. आम्लाचे गुण प्रकट व्हायला हायड्रोजन आयन मोकळे व्हावे लागतात आणि ते काम पाणी करते. म्हणून कोणत्याही घन पदार्थाची चाचणी त्याचे द्रावण करूनच घ्यावी, आणि तुलनेसाठी नुसत्या पाण्याचीही तीच चाचणी शेजारी घ्यावी.

वायूची साक्ष

कार्बोनेट आणि बायकार्बोनेट यांच्यावर आम्लाची क्रिया होऊन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. परीक्षानळीत खाण्याचा सोडा घेऊन त्यावर आम्ल टाकावे आणि निघणारा वायू नळीने चुन्याच्या निवळीत सोडावा. निवळी दुधाळ होते, कारण तिच्यात कॅल्शियम कार्बोनेटाचे बारीक कण तयार होतात. वायू बराच वेळ सोडत राहिले तर हा दुधाळपणा पुन्हा नाहीसा होतो. कार्बोनेटाचे विद्राव्य बायकार्बोनेट बनते. निवळी घरी करता येते. बाटलीभर पाण्यात चमचाभर चुना हलवून रात्रभर ठेवावा आणि सकाळी वरचे स्वच्छ पाणी अलगद काढून घ्यावे. बाटलीचे बूच घट्ट लावावे, नाहीतर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे तिच्यावर साय धरते.

हीच चाचणी उलटी वापरून दगड ओळखता येतो. शहाबादी फरशी आणि काळा कडप्पा हे दोन्ही चुनखडीचे दगड आहेत. त्यांच्या ताज्या तुकड्यावर विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की बुडबुडे येतात. स्वयंपाकघरातल्या कडप्प्याच्या ओट्यावर लिंबू कापून तसेच राहू दिले तर त्या जागेची चकाकी कायमची जाते. आम्लाने दगडाचा पातळ थर विरघळवलेला असतो. ग्रॅनाइटच्या ओट्यावर असा डाग पडत नाही. दख्खनचा काळा बेसाल्टही फसफसत नाही, पण त्याच्या पोकळ्यांत सापडणारे कॅल्साइटचे स्फटिक जोराने फसफसतात. तसेच दिसणारे गारगोटीचे स्फटिक मात्र मुळीच फसफसत नाहीत. भूशास्त्राचे विद्यार्थी रानात जाताना विरल आम्लाची छोटी बाटली बाळगतात ती यासाठीच. शाळेत वापरल्या जाणाऱ्या खडूवर भरवसा ठेवू नये. पुष्कळ खडू जिप्समचे म्हणजे कॅल्शियम सल्फेटाचे असतात आणि आम्लात ते फसफसत नाहीत. अंड्याचे कवच किंवा शिंपला यांचा प्रयोग कधी फसत नाही.

धातूंवरची क्रिया ही वायूची दुसरी चाचणी. जस्ताच्या तुकड्यावर विरल हायड्रोक्लोरिक आम्ल टाकले की हायड्रोजन निघतो आणि जळती काडी नळीच्या तोंडाशी नेताच ‘फट्’ असा आवाज होतो. परंतु जस्त आणि ॲल्युमिनियम हे धातू कॉस्टिक सोड्याच्या द्रावणातूनही हायड्रोजन सोडतात. केवळ या चाचणीवरून आम्ल ओळखणे म्हणूनच धोक्याचे आहे. मॅग्नेशियमची फीत वापरली तर हा संशय उरत नाही. तांबे विरल आम्लातून हायड्रोजन सोडत नाही, पण तांब्यावरचा काळपट ऑक्साइड आम्लात विरघळतो. चिंचेने घासलेला तांब्या लख्ख होतो त्याचे कारण हे. हवेच्या सान्निध्यात आंबट पदार्थ तांब्यापितळेच्या भांड्यात बराच वेळ राहिले तर थोडा धातूही त्यांत उतरतो. ताक कळकते ते असे, आणि ते टाळण्यासाठी भांड्यांना कथलाची कल्हई लागते.

अल्काची वायूवरून ओळख नवसागराने होते. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. त्याची चिमूट ओल्या चुन्यात चोळली की अमोनियाचा नाकाला झोंबणारा वास येतो. तांबड्या लिटमसचा ओला कागद पदार्थाला न लावता वर धरला तरी तो निळा होतो.

तीव्रता आणि संहती

तीव्र आणि संहत हे दोन गुण एकच मानण्याची चूक फार होते. संहती म्हणजे ठरावीक द्रावणात किती आम्ल विरघळवले आहे ते. तीव्रता म्हणजे विरघळलेल्या आम्लापैकी किती भाग आयनांत विभागला गेला आहे ते. पुढील प्रयोगात हा फरक डोळ्यांना दिसतो.

दोन परीक्षानळ्यांत सारख्याच संहतीची आणि सारख्याच आकारमानाची द्रावणे घ्यावीत, एकीत हायड्रोक्लोरिक आम्ल आणि दुसरीत ॲसेटिक आम्ल. दोन्हींत मॅग्नेशियमच्या फितीचे सारखे तुकडे टाकावेत. तुकडे एवढे मोठे असावेत की आम्ल संपल्यावरही धातू उरेल. प्रत्येक नळीच्या तोंडाला लहान फुगा बसवावा. हायड्रोक्लोरिक आम्लाच्या नळीत फीत बुडबुड्यांनी झाकली जाते, नळी हाताला गरम लागते आणि फुगा भराभर उभा राहतो. दुसऱ्या नळीत बारीक बुडबुडे सावकाश येत राहतात. पुरेसा वेळ थांबले आणि नळ्या थंड झाल्या की दोन्ही फुगे सारखेच फुगलेले दिसतात. वेग वेगळा, एकूण वायू तेवढाच.

याचे कारण आयनांत आहे. लिटरला ०.१ मोल एवढ्या संहतीच्या द्रावणात हायड्रोक्लोरिक आम्ल जवळजवळ पूर्णपणे आयनांत विभागलेले असते. तेवढ्याच संहतीच्या ॲसेटिक आम्लाच्या शंभर रेणूंपैकी एखाददुसराच विभागलेला असतो. पहिल्याचा सामू १ असतो, दुसऱ्याचा २.९ च्या जवळपास. ॲसेटिक आम्लातले मोकळे हायड्रोजन आयन खर्च होतील तसतसे उरलेले रेणू विभागत जातात, त्यामुळे शेवटी सगळे आम्ल कामी येते.

थेंब मोजण्याची चाचणी

एकूण आम्ल किती, या प्रश्नाचे उत्तर उदासिनीकरणाने मिळते. व्हिनेगर एक भाग आणि पाणी नऊ भाग असे मिश्रण करावे. त्याचे वीस थेंब नळीत घेऊन त्यात फिनॉल्फथॅलीनचा एक थेंब टाकावा. द्रावण रंगहीन राहते. आता दुसऱ्या, पण त्याच आकाराच्या ड्रॉपरने चुन्याची निवळी थेंबाथेंबाने घालत नळी हलवत राहावी. प्रत्येक थेंब पडतो तिथे क्षणभर गुलाबी झाक उमटते आणि विरते. शेवट जवळ आला की ही झाक रेंगाळू लागते, आणि एका थेंबाला सबंध द्रावण फिकट गुलाबी होऊन तसेच राहते. तेथे थांबून थेंब मोजावेत. लिंबाच्या रसावर, आमसुलाच्या पाण्यावर, दोन निरनिराळ्या व्हिनेगरांवर हीच कृती केली की त्यांच्यातल्या आम्लाच्या प्रमाणाची तुलना होते.

दुधाची आम्लता दुग्धशाळांत याच पद्धतीने मोजली जाते. ताज्या दुधाचा सामू ६.६ च्या आसपास असतो. दूध नासू लागले की जिवाणू दुग्धशर्करेपासून लॅक्टिक आम्ल बनवतात आणि गुलाबी रंग यायला अधिक अल्क लागते. आंबू लागलेल्या दुधात सोडा घालून हा दोष झाकण्याची भेसळ होते. तिथे थेंबांची चाचणी फसते, कारण आम्ल आधीच मारलेले असते. अशा वेळी रोझोलिक आम्लाची चाचणी उपयोगी पडते. दूध आणि अल्कोहोल समप्रमाणात घेऊन त्यात या दर्शकाचे काही थेंब टाकले की सोडा असलेले दूध गुलाबासारखे लाल होते आणि शुद्ध दूध तपकिरी दिसते. एका चाचणीने दडलेली गोष्ट दुसरीने उघड होण्याचे हे ठळक उदाहरण आहे.

सामू: छटेऐवजी अंक

रंगाची छटा पाहणाऱ्याच्या नजरेवर अवलंबून असते. तिला अंकाची जोड दिली ती डॅनिश रसायनशास्त्रज्ञ सोरेन्सन यांनी, १९०९ साली. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत ते विकरांवर काम करत होते. विकरांचे कार्य हायड्रोजन आयनांच्या प्रमाणानुसार फार बदलते, आणि हे प्रमाण लिहायला फार लहान अपूर्णांक वापरावे लागत. त्यांनी दहाच्या घातांकावर आधारलेले माप सुचवले. तेच सामू. सामूत १ चा फरक म्हणजे हायड्रोजन आयनांच्या प्रमाणात दहापट फरक. लिंबाच्या रसाचा सामू २ ते २.५, रक्ताचा ७.३५ ते ७.४५, खाण्याच्या सोड्याच्या द्रावणाचा सुमारे ८.३ आणि चुन्याच्या निवळीचा सुमारे १२.४ असतो. शुद्ध पाण्याचा सामू २५ अंश सेल्सिअसला ७ असतो. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळल्यामुळे स्वच्छ पावसाचे पाणीही ५.६ च्या आसपास, म्हणजे किंचित आम्लधर्मी असते.

अनेक दर्शकांचे मिश्रण करून बनवलेला वैश्विक दर्शक सामूचा अंदाज देतो. अचूक मोजमापासाठी सामूमापक लागतो. अरनॉल्ड बेकमन यांनी १९३४ साली अमेरिकेत असा सुटसुटीत मापक तयार केला तो लिंबाच्या रसासाठी. रस टिकवण्यासाठी घातलेल्या सल्फर डायऑक्साइडमुळे दर्शकांचा रंग उडत असे, म्हणून काचेचा विद्युतअग्र वापरणे भाग पडले.

शेतीत आणि बांधकामात सामूला मोठे व्यावहारिक महत्त्व आहे. मातीची चाचणी साधारण एक भाग माती आणि अडीच भाग पाणी ढवळून घेतली जाते. कोकणातील जांभ्या मातीतून पावसाच्या माऱ्याने कॅल्शियमसारखी द्रव्ये वाहून जातात, म्हणून ती आम्लधर्मी असते. चोपण जमिनीत सोडियम साचतो आणि सामू ८.५ च्या वर जातो. तिथे जिप्सम घालून सोडियमच्या जागी कॅल्शियम आणावा लागतो. जुन्या इमारतींच्या तपासणीत काँक्रीटच्या ताज्या फोडलेल्या भागावर फिनॉल्फथॅलीन फवारतात. जिथे गुलाबी रंग येतो तिथे काँक्रीट अजून अल्कधर्मी आहे आणि आतल्या सळ्यांवरचे संरक्षक आवरण शाबूत असण्याची शक्यता मोठी. जो भाग रंगहीन राहतो तिथे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने अल्क संपवलेले असते आणि सळया गंजण्याचा धोका असतो.

सात पांढऱ्या पुड्या

वरील सर्व चाचण्यांचा मेळ कसा घालायचा, हे एका सरावाने स्पष्ट होते. मीठ, साखर, खाण्याचा सोडा, धुण्याचा सोडा, लिंबूसत्त्व, तुरटी आणि विझवलेला चुना यांच्या पुड्या करून त्यांवर केवळ क्रमांक घालावेत. चव न घेता त्या ओळखायच्या आहेत.

प्रथम प्रत्येकातली चिमूट पाण्यात टाकावी. चुना नीट विरघळत नाही, पाणी गढूळ होते. मग सर्व द्रावणांत जास्वंदीचे पाणी घालावे. लिंबूसत्त्व आणि तुरटी गुलाबी बाजू दाखवतात. दोन्ही सोडे आणि चुना हिरवी बाजू दाखवतात. मीठ आणि साखर जास्वंदीच्या पाण्याचा मूळ रंग बदलत नाहीत.

गुलाबी गटात धुण्याच्या सोड्याचे द्रावण घालावे. दोन्ही द्रावणे फसफसतात, पण तुरटीच्या द्रावणात ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा पांढरा, चिकट अवक्षेप तरंगतो. लिंबूसत्त्वाचे द्रावण स्वच्छ राहते.

हिरव्या गटात व्हिनेगर घालावे. दोन्ही सोडे फसफसतात, ताजा चुना फसफसत नाही. उघडा राहून जुना झालेला चुना थोडा फसफसेल, कारण त्याचा काही भाग कार्बोनेट झालेला असतो. दोन सोड्यांतला भेद फिनॉल्फथॅलीन दाखवते. धुण्याच्या सोड्यात ते गडद गुलाबी होते, खाण्याच्या सोड्यात जवळजवळ रंगहीन राहते. लिटमस मात्र दोघांनाही सारखेच निळे ठरवतो.

उरले मीठ आणि साखर. आम्ल-आम्लारीच्या चाचण्या त्यांच्यात फरक करू शकत नाहीत. दोन्ही उदासीन आहेत, एवढेच त्यांतून निश्चित होते. कोरड्या नळीत तापवल्यावर साखर वितळून तपकिरी आणि मग काळी होते. मीठ तडतडते, पण काळे पडत नाही. हा भेद आम्लपणाच्या कक्षेबाहेरचा आहे आणि त्याला त्या कक्षेबाहेरचीच चाचणी लागते. प्रत्येक पुडीची ओळख अशा रीतीने किमान दोन स्वतंत्र चाचण्यांवर उभी राहते, आणि प्रत्येक चाचणीकडून तिच्या आवाक्यातलेच उत्तर घेतले जाते.